ओळीत उगवलेला लव्हाळा

"हे तुमच्या आईंचं काम आहे," असं म्हणून गुर्रमसाहेबांनी हातातली बादली माझ्या दारात ठेवली. बादलीत काठोकाठ हिरवळ होती. मुळांसकट.

गुर्रमसाहेब आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच गोष्ट जीव लावून केली होती, ती म्हणजे फाटकाजवळचं लॉन. सोलापुरात त्या वर्षी नळाला पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि हा माणूस घरचं भाजी धुतलेलं पाणी तांब्यातांब्याने नेऊन त्या लॉनला घालायचा. त्यातला खाटेएवढा तुकडा आता बोडका झाला होता.

"आई," मी आत हाक मारली, "हे तू केलंस?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदाच समाधान दिसत होतं.

"मग कुनी करायचं? आल्यापास्नं बगतीया, हराळी नुसती माजलीया. येवडी शिकलीसवरली मानसं ऱ्हात्यात आन् दारात हराळी! म्हनलं, बसल्या जागी काडून टाकावी. ऱ्हायल्याली उद्या काडती."

'उद्या' ऐकल्यावर गुर्रमसाहेबांनी चौकटीला हात टेकला. मी त्यांची माफी मागितली, माझ्या बायकोने, कुमुदने, चहा केला, आणि लॉनला यापुढे आईचा हात लागणार नाही अशी हमी देऊन आम्ही त्यांना वाटेला लावलं. आईला मात्र कळेना, की एवढं काम फुकटात करून दिलं तरी माणूस तोंड पाडून का गेला. खरं सांगायचं तर चूक तिची नव्हतीच. शहरातली माणसं ज्याला लॉन म्हणून पाणी घालतात, ती आमच्याकडची हराळीच.

मंगळवेढ्याच्या पलीकडे आमचं काळं रान आहे. ज्वारीचं रान. त्या ज्वारीच्या मुळावर उठणारी दोन तणं, हराळी आणि लव्हाळा, आणि आईचं सगळं आयुष्य या दोघांशी भांडण्यात गेलेलं. त्यातही लव्हाळा जास्त चिवट. दिसायला गवतासारखाच, पण गवत नव्हे. गवताची काडी बोटांत फिरवली तर गोल लागते, लव्हाळ्याची तिकोनी. पात वीतभर, पण खाली मातीत काळ्या मण्यांसारख्या गाठी. वरची पात नुसती उपटली तर चौथ्या दिवशी पठ्ठ्या पुन्हा हजर. पाऊस पडो न पडो, गाठ जिवंत राहते. म्हणून लव्हाळा काढायचा तो खुरपं खोल घालून, गाठीसकट. लहानपणी मी एकदा गाठी तशाच ठेवून पुढे सरकलो, तर आईने खुरप्याच्या मुठीने माझ्या बोटांवर असा तडाखा दिला होता की संध्याकाळी भाकरी डाव्या हाताने खाल्ली.

अर्थात असे तडाखे मी फार खाल्ले नाहीत. सहावीला मी सोलापूरच्या वसतिगृहात आलो आणि इकडचाच झालो. शिक्षण, मग चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम, मग लग्न, घर. शेत थोरल्या भगवानदादाने सांभाळलं, आणि आईलाही त्यानेच सांभाळलं. मी दिवाळीला साडी घेऊन जाणारा मुलगा. याची लाज मला बरीच उशिरा वाटायला लागली.

त्या वर्षीच्या वैशाखात आई शेतात पडली. खरं म्हणजे शेतात तिला काही कामच उरलं नव्हतं. दादा तणनाशक मारायचा, त्यामुळे खुरपायला पातसुद्धा शिल्लक नसायची. तरी ती रोज खुरपं घेऊन बांधाबांधाने फिरायची. भर दुपारी चक्कर येऊन पडली ती संध्याकाळपर्यंत बाभळीखाली तशीच. दादा शोधत गेला म्हणून सापडली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पुन्हा उन्हात राबल्या तर मी जबाबदार नाही. दादाचं घर शेतातच, वस्तीवर. तिथे तिला कोण अडवणार? म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं निमित्त सांगून पावसाळा सरता सरता मी तिला सोलापूरला आणली.

लॉनच्या प्रकरणानंतर ती पायरीवर बसून राहायला लागली. कुमुदने काय काय करून पाहिलं. टीव्ही लावून दिला, भजनी मंडळात नेलं. महिन्याचे तांदूळ निवडायला दिले, तर ते आईने दोन दिवसांत तीनदा निवडले आणि वर म्हणाली, "खडं न्हाईतच ह्येच्यात, कशापायी मला फशिवतीस?" जेवण अर्ध्यावर आलं. बोलणंही कमी झालं. एके दिवशी सकाळी मी गोळी द्यायला गेलो तर तिने पिशवी भरून ठेवलेली.

"हरदास, मला गावाला सोड."

"गेलीस तर शेतात जाशील."

"जाईन की."

"डॉक्टर काय म्हणालेत ते आठवतंय ना? पुन्हा पडलीस तर उठणार नाहीस."

"हितं तर कुठं उटलीया? बसून बसून हात गेलं माजं." तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. नखांच्या कडेची काळी माती निघून ते पांढरेफटक झाले होते. मला ते हात बघवेनात.

शेवटी दादाशी फोनवर ठरलं, की गुढीपाडवा झाला की तो येऊन तिला घेऊन जाईल. तोवर डाळिंबाच्या गडबडीत त्याला सवड नव्हती. म्हणजे माझ्या हातात पाच महिने होते. पाडव्यानंतर पुन्हा ते ऊन, ते शेत आणि ती बाभळ. मला कसंही करून तिला थांबवायचं होतं, आणि कसं ते सुचत नव्हतं.

आमच्या घराच्या मागे दहा बाय वीस फुटांची मोकळी पट्टी आहे. पश्चिमेची बाजू, सकाळी अकरापर्यंत घराची सावली. तिथे मी गुलाबाची आठ रोपं आणून लावली. म्हटलं, आईला बागकाम मिळेल. आईने त्यांना थेंबभर पाणी घातलं नाही. "मानसांच्या घशाला कोरड आन् ह्यास्नी पानी?" असं म्हणून तिने सरळ नकार दिला, आणि तिचं बरोबरच होतं. दोन आठवड्यांत गुलाबांच्या काटक्या झाल्या.

मग एका रविवारी मी मागच्या दारात उभा होतो. आई धुण्याच्या दगडाशी उकिडवी बसली होती. दगडाच्या फटीतून चार पाती वर आल्या होत्या. ऑपरेशनच्या डोळ्याला अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून ती बोटांनी चाचपत होती. तिने एक काडी दोन बोटांत फिरवली आणि एकदम हसली.

"लव्हाळा हाय," ती स्वतःशीच म्हणाली. वैरी असला तरी ओळखीचा निघाल्यावर माणूस म्हणतो तसं. मग तुटक्या उलथण्याने तिने तो काढला. अर्धा तास लागला. त्या दिवशी ती दोन भाकऱ्या जेवली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर मी स्कूटर शहराबाहेर काढली. पहिलं रान दिसलं तिथे थांबलो. एक शेतकरी बांधावर विडी ओढत बसला होता.

"मामा, तुमच्यात लव्हाळा आहे का?"

तो दचकला. त्याला वाटलं मी कृषी खात्यातला आहे. "हाय थोडाफार. काडायचाच हाय आता."

"मला थोडा पाहिजे. गाठीसकट."

"औषदाला?"

"नाही, लावायला."

त्याने विडी खाली टाकली आणि मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "लावायला," तो म्हणाला. "बरं. न्या की. ट्रॅक्टर आनला आसता तर भरून दिला आसता. वर च्या पाजतो, फकस्त रोज येत जावा." मी अर्धं पोतं गाठी घेऊन निघालो तेव्हा तो मागून बायकोला हाका मारून मला दाखवत होता.

कुमुदने पोत्यात डोकावून कपाळाला हात लावला. "लोक आईला साडी आणतात, तीर्थाला नेतात. तुम्ही आईंना लव्हाळा आणलात!"

"तिला कळता कामा नये. आपोआप उगवला असंच वाटलं पाहिजे."

"आणि तो सगळ्या सोसायटीत पसरला तर? गुर्रमसाहेब तुम्हालाच पुरतील लॉनमध्ये."

मुद्दा बरोबर होता. म्हणून मी पट्टीच्या चारही कडांना हातभर खोल चर खणून जुने पत्रे उभे पुरले. आईला सांगितलं, घुशींसाठी. मग रोज पहाटे, आई न्हाणीत गेली की मी मागे जायचो, बोटभर खड्डे करून गाठी पुरायचो आणि भांडी विसळलेलं पाणी शिंपडून, हात धुऊन, तिची गोळी तळहातावर घेऊन हजर व्हायचो. लव्हाळ्याच्या फुटलेल्या गाठीला दिवाळीच्या उटण्यासारखा वास येतो. कुमुद म्हणायची, तुम्ही सध्या फार सुगंधी झालात.

पाचव्या दिवशी पहिल्या पाती वर आल्या. आईने बघितलं. ती पट्टीच्या कडेला उभी राहिली, मान तिरकी केली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हरदास, ह्यो लव्हाळा शाळंला गेल्याला दिसतुया."

"का गं?"

"बग की, कसा वळीत उगवलाय. दोन बोटं सोडून एक, दोन बोटं सोडून एक. मदी चौकट बी हाय."

मी बघितलं तर खरंच चौकट. वीस वर्षं आलेखाच्या कागदावर चादरीची नक्षी भरणारा माणूस मी. हातांनी त्यांच्या सवयीप्रमाणे गाठी सारख्या अंतरावर टाकल्या होत्या, कोपऱ्यात वेलबुट्टी काढायची तेवढी राहिली होती.

"बिल्डरने माती कुठली तरी आणून टाकलेली," मी काहीतरी बरळलो. "चाळलेली असेल."

"आसंल," आई म्हणाली आणि खुरपं मागितलं. मी ते आधीच आणून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी डोळे मिटून गाठी फेकायचो आणि पडतील तिथे पुरायचो.

पुढचे महिने चांगले गेले. फारच चांगले. सकाळी सावलीत आई पोतं अंथरून बसायची, पुढे सरकत सरकत पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोचायची, तोवर पहिल्या टोकाला नवी पात आलेली असायची. ती त्याला नावं ठेवायची, कधी ओवी म्हणायची, कधी शेजारच्या बायकांना खुरपं कसं धरायचं ते दाखवायची. तिच्या नखांत माती आली. गुर्रमसाहेबही एकदा डोकावून गेले आणि आपलं लॉन उन्हाने पिवळं पडलंय, तुमच्याकडे मात्र हे बिनपाण्याचं कसं हिरवं, असं विचारून गेले. जानेवारीत कारखान्यात निर्यातीच्या ऑर्डरीची घाई आली. पहाटे निघायचो, त्यामुळे दोन महिने मी एकही गाठ लावली नाही. तरी लव्हाळा येतच राहिला. मी मनात म्हटलं, याच्या चिवटपणाला तोड नाही.

पण पाडवा जवळ येत होता आणि आई जायच्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढत नव्हती. मीही विचारलं नाही. विचारलं आणि 'जाते' म्हणाली तर? पिशवी कॉटखाली तशीच भरलेली होती. येता जाता मला ती दिसायची.

पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळीच दादा टेम्पो घेऊन आला. चहा पिऊन मागच्या दारात आला आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटला.

"आरं, ह्ये काय? शेरात येऊन लव्हाळ्याचं पीक घेतलंस व्हय?"

आई पोत्यावर बसून खुरपत होती. तिने वर बघितलं नाही.

"म्हाताऱ्या मानसाला कामाला लावलंस होय रं हरदास? थांब, पंप टेम्पोतच हाय, दुरुस्तीला आनलाय, पर एवड्याला पुरंल. एक फवारा मारतो. आट दिवसांत जळून खाक. पुन्यांदा नाव न्हाई काडायचा."

"नको दादा," मी म्हणालो.

"आरं, नको काय? आई तर आता चालली. तू काय खुरपं घिऊन बसनार हाईस?"

तो गेलासुद्धा. दादाचा स्वभाव तसा. मदत करायची म्हटली की ऐकून घ्यायला थांबायचा नाही. मी त्याच्यामागे निम्म्या वाटेपर्यंत धावलो, परत आलो. त्याला कारण सांगायचं तर आईसमोर सगळं उघडं पडणार होतं. न सांगावं तर पाच महिन्यांचं तिचं काम आठ दिवसांत जळणार होतं. दादा पाठीवर पंप अडकवून, हातात नळी घेऊन आला आणि म्हणाला, "आई, ऊट. नाकाला पदर लाव."

आई उठली नाही. "ऱ्हाऊ दे, भगवान."

"आगं, तन हाय त्ये."

"तन हाय ते दिसतंया मला. डोळं करून घेतल्यात. ह्यानं लावलंय त्ये."

दादाने माझ्याकडे बघितलं, मग लव्हाळ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"हरदासनं? लव्हाळा लावला?"

"व्हय. चोरून लावतुया कार्तिकापास्नं," आई खुरपता खुरपता म्हणाली. "मला काम मिळावं म्हून."

"तुला ठाऊक होतं?" माझ्या तोंडून निघालं.

"लव्हाळ्यात जल्म गेला माजा. गोळी द्याला आलास, त्या हाताचा वास मला कळंना व्हय? आन् वळी पाडून ठिवल्यास त्या येगळ्याच."

दादा पंपासकट पायरीवर बसला. "म्हंजी ह्यो तुज्यासाटनं लावतुया, आन् तू ह्येच्यासाटनं उपटतीस. खुळी का काय रं तुमी दोगं?"

"मुळासकट उपटत न्हाई," आई म्हणाली. तिने शेजारची पात बोटांनी बाजूला करून दाखवली. खाली मातीत गाठ जशीच्या तशी होती, नुसता वरचा शेंडा खुडलेला. तिच्यामागची सगळी पट्टी तशीच होती. "ह्येला बिचाऱ्याला रोज कुटनं आनाय जमायचं? कारखाना हाय, बायकू हाय. म्या गाट ठिवूनच खुडती."

गाठ ठेवली म्हणून माझी बोटं फोडणारी ही बाई. कुमुद दारात उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला.

दादाने पंपाचे पट्टे काढले. "मग आता काय? येनार हाईस का न्हाई? टेम्पो आनलाय म्या."

आईने खुरपं बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून पट्टीभर नजर फिरवली.

"आता कशी येऊ? हितं काम पडलंय माजं," ती म्हणाली. "थंडी पडली की हुरड्याला येती. चार दिस ऱ्हाईन आन् परत येईन. उन्हात रानात जायाचं न्हाई म्हनलंय डाक्टरनं."

पाच महिने आम्ही घसा फोडून सांगत होतो ते तिने असं सांगितलं, जणू डॉक्टरांनी फक्त तिच्या कानात सांगितलं होतं.

दादा दुपारी जेवून गेला. जाताना मला म्हणाला, "तिकडं रानात तिला काय बी शिल्लक ठिवलं न्हाई म्या." एवढंच. त्यानंतर दर पावसाळ्यात तो एक बांध बिनफवाऱ्याचा ठेवायचा, आणि हुरड्याला गेलेली आई सकाळच्या कोवळ्या उन्हात तेवढा खुरपायची. ती आमच्याकडे पुढे सहा वर्षं राहिली.

त्या दिवशी टेम्पो गेल्यावर मी मागे आलो. आई पुन्हा पोत्यावर जाऊन बसली होती. मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो.

"आई, पहिल्याच दिवशी कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

तिने एक पात खुडली, बाजूला ठेवली.

"न्हानीच्या खिडकीतनं रोज बगायची म्या. आंदारात वाकून वाकून मातीत हात घालायचास. आकरा वर्साचा व्हतास, हाटेलात ठिवला तुला–"

"वसतिगृहात."

"त्येच. तवापास्नं तुला मातीत वाकल्याला बगितला न्हवता. तुजा बा गेला तवा बी तू पावन्यावानी आलास आन् गेलास." तिने माझ्याकडे बघितलं. "म्या बोलली आसती तर थांबला आसतास तू. म्हनलं, नगं बोलाया. माज्यासाटी वाकतुया, तर वाकू दे चार दिस."

मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. मला रडायला आलं, आणि मी ते लपवलं नाही. आईने काही समजूत वगैरे काढली नाही. ती पोत्यावर थोडी सरकली आणि मला जागा करून दिली. मग मी तिने दाखवलं तसं, गाठ न दुखावता, पाती खुडायला लागलो.